चार वर्षांची सही



मी बेळगावची, गणेशपूर रोडला राहणारी. निवृत्त शिक्षिका, वय ६९. आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि इथंच घर बांधून राहिले. बेळगावात अशी घरं शेकड्यानं आहेत. रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथं आहे, त्यामुळे चंदगड, गडहिंग्लज, खानापूरकडची माणसं भरतीला आली, पलटणीबरोबर देश फिरली आणि शेवटी कॅम्पाच्या आसपासच टेकली. पहाटेचा बिगुल, रस्त्यानं पळणारी पोरं, मिलिटरी महादेवाचं देऊळ, यातच आम्ही वाढलो. तेव्हा लष्करावर लिहिणारी मी कुणी तज्ज्ञ नाही, पण परकीही नाही.

विषय जरा नाजूक आहे. फौजेतल्या दोघांचं एकमेकांवर प्रेम बसलं तर काय? नियम काय म्हणतो, काय म्हणायला हवा, आणि आपण घरची माणसं त्या नियमाच्या आड काय काय लपवतो? हे तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतंय, पण क्रमानं लिहिते.

माझ्या धाकट्या भावाची नात हवाई दलात अग्निवीरवायू आहे. २०२३ साली गेली. त्याच वर्षी आमच्या सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमधून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली होती. त्या बातमीचं कात्रण भावानं देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलंय, इतका त्याला अभिमान. या दिवाळीत पोरगी रजेवर आली. तिसऱ्या दिवशी रात्री गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, एक मुलगा आहे. माझ्याच बॅचचा. दुसऱ्या सेक्शनला आहे."

मी विचारलं, "कुठला?"

"बागलकोटकडचा."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मुलगा कानडी. आणि आमचा भाऊ म्हणजे ८६ सालच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याच्या जेलात बसून आलेला माणूस. अजून १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावतो.

दोन दिवसांनी घरात कळलंच. कसं कळलं ते विचारू नका, आमच्या घराच्या भिंतींना कानच कान आहेत. मला वाटलं आता भांडं फुटणार. पण भावानं आवाज चढवला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "फौजेचा नियम आहे. चार वर्षं लग्न नाही. तिनं सही केलीय. विषय संपला."

सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! सूनबाई तर लगेच फराळाच्या डब्याकडे वळली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण अगदी हेच वाक्य मी या घरात पूर्वी एकदा ऐकलं होतं. ते पुढं सांगते.

आधी नियम नीट बघू, कारण आपल्याकडे "फौजेत असं चालत नाही" एवढंच सगळे म्हणतात, नेमकं काय चालत नाही ते कुणी सांगत नाही.

अग्निवीराची अट सरळ आहे. नात गेली तेव्हा भरती साडेसतरा ते एकवीस वयात होत होती, आणि भरतीच्या वेळी अविवाहित असलं पाहिजे. चार वर्षांच्या मुदतीत लग्न करणार नाही असं लिहून द्यायचं. केलं तर नोकरी जाते. चार वर्षांनंतर ज्यांना कायम घेतात, जास्तीत जास्त २५ टक्के, त्यांच्यातही हवाई दलात अविवाहितांचाच विचार होतो. म्हणजे कायम होण्याची आशा धरणाऱ्याला निकाल लागेपर्यंत थांबणं आलंच. आणि हवाई दलात मुलींना आणखी एक लिहून द्यावं लागतं, की या चार वर्षांत गर्भवती होणार नाही. हे मला नातीकडून कळलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, मुलांना असं काही लिहून द्यावं लागतं काय? ती हसली. "मुलं काय लिहून देणार, आज्जी?"

आता यात प्रेम करू नका असं कुठे आहे? नाही. लग्नाबद्दल आहे.

मग प्रेमाबद्दल काय आहे? १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये प्रेम, मैत्री, संबंध असं नाव घेऊन एकही कलम नाही. आहेत ती दोन मोठ्या तोंडाची पोती. कलम ४५ अधिकारी आणि जेसीओंसाठी, आपल्या पदाला न शोभणारं वर्तन. कलम ६३ सगळ्यांसाठी, शिस्तीला आणि सुव्यवस्थेला बाध आणणारी कुठलीही गोष्ट. ६३ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ४५ खाली अधिकाऱ्याला बडतर्फ करता येतं. काय शोभतं आणि कशानं शिस्त बिघडते, हे त्या त्या वेळचे वरिष्ठ आणि कोर्ट मार्शल ठरवणार. त्या पोत्यात काहीही मावतं.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक जुना शब्दप्रयोग आहे. सहकारी अधिकाऱ्याच्या बायकोचं मन चोरणं. पेपरात अशा कोर्ट मार्शलच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आमच्या कॅम्पात लहानपणी कुणाबद्दल तरी हे कुजबुजलेलं मी ऐकलंय, तेव्हा वाटायचं, मन काय पर्स आहे काय, चोरायला? आणि चोरी झाली ती कुणाची, तर नवऱ्याची. ती बाई त्यात कुठेच नाही. तिला मन आहे, ते तिनं स्वतः कुणाला दिलं असेल, हा विचारच त्या शब्दांत नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हाही नेमका हाच मुद्दा होता, की बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही. त्यानंतर सरकार पुन्हा कोर्टात गेलं, लष्कराचं काय म्हणून. ३१ जानेवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं, की त्या निकालाचा लष्करी कायद्याच्या कारवाईशी संबंध नाही. घटनेच्या ३३ व्या कलमानं सैन्यदलातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालायची मुभा संसदेला दिलेली आहे. थोडक्यात, बाहेर जो गुन्हा उरला नाही त्यासाठी फौजेत अजून शिक्षा होऊ शकते.

मला यात कोर्टाचं चुकलं असं वाटत नाही. सहा-सहा महिने नवरा सीमेवर आणि बायको-मुलं कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये, हे आयुष्य मी आईचं पाहिलंय. मागं राहिलेल्यांवर कुणी हात टाकणार नाही, हा भरवसा नसेल तर माणूस चौकीवर उभा कसा राहील? नियम असू दे. पण त्याची भाषा बदला. विश्वासघात म्हणा, चोरी म्हणू नका.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार मेजर आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. संध्याकाळी हिंडलग्याच्या गणपतीपर्यंत चालत जाऊन येतात, अजून. दिवाळीत मी त्यांना सहज विचारल्यासारखं करून हा विषय काढला. नातीचं काही बोलले नाही. काका म्हणाले, "ताई, सेक्शनमध्ये दहा जण असतात. दोघांचं जमलं की उरलेल्या आठांचं बिघडतं."

"का बिघडावं?"

"रजा कुणाला मिळाली? रात्रीची ड्यूटी कुणाची चुकली? सोपं काम कुणाला दिलं? आधी असलं काही मनात येत नाही. जमलंय म्हणून कळलं की प्रत्येक गोष्टीत येतं. खरं असो वा खोटं. वर चौकीवर, बर्फात, एका बुखारीभोवती सगळे झोपतात. तिथं शंका आली की पलटण संपली."

ही गोष्ट मला शंभर टक्के पटली. शाळेतसुद्धा मुख्याध्यापकाचं एखाद्या बाईंशी सूत असल्याची नुसती वदंता उठली तरी वेळापत्रकाच्या प्रत्येक तासाकडे स्टाफरूम संशयानं बघते, हे मी ३२ वर्षांत पाहिलंय. शाळेत फार तर ऑफ पिरियड जातो. तिथं जीव जातो. ज्याच्या हुकुमावर तुम्ही गोळीसमोर जायचं, ज्याच्या हातात तुमची रजा, तुमचा एसीआर, तुमची बढती, त्यानं तुमच्याशी प्रेमाचं नातं ठेवू नये. ठेवलं तर दोघांतला एक तिथून हलला पाहिजे. आणि जबाबदारी वरच्याची. खालचा किंवा खालची खुशीनं हो म्हणाली असं धरताच येत नाही, कारण नाही म्हणायची सोय तिला कितपत होती?

पण काका तिथं थांबले नाहीत. "म्हणून मी सांगतो, पोरींना पलटणीत घ्यायलाच नको होतं."

इथं माझं त्यांच्याशी वाजलं. शंका पोरींमुळे येते की हाती सत्ता असलेल्यानं पक्षपात केल्यामुळे? पक्षपात तर पूर्वीही होता. साहेबाच्या गावचा, साहेबाच्या भाषेचा, साहेबाला लोणचं आणून देणारा, यांना रजा लवकर मिळायची हे आप्पाच सांगायचे. तेव्हा कुणी म्हटलं नाही की गाववाल्यांना पलटणीत घेऊ नका. काका हसले, म्हणाले, "लोणच्याचं खरं आहे."

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आपल्याकडे हा प्रश्न इतकी वर्षं कागदावर आलाच नाही, त्याला कारण आहे. १९९२ पासून बायका लष्करात अधिकारी म्हणून येऊ लागल्या, त्याआधी डॉक्टर आणि नर्स होत्याच. पण त्या सगळ्या अधिकारी. शिपाई सगळे पुरुष. अधिकारी आणि जवान यांच्यातली भिंत आधीच इतकी उंच, मेस वेगळी, क्वार्टर वेगळे, की नियम लिहायची गरज कुणाला वाटली नाही. ते अंगवळणी पडलेलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात बंगळुरात मिलिटरी पोलिसांच्या महिला जवानांची पहिली तुकडी शपथ घेऊन बाहेर पडली. मग अग्निवीर योजना आली, नौदलात आणि हवाई दलात मुली खालच्या पायरीपासून आल्या. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुली मुलांच्या बरोबरीनं बाहेर पडल्या. आता एकाच बॅरेकच्या आवारात, एकाच वयाची, एकाच पायरीवरची मुलं-मुली आहेत. १९-२० वर्षांची. त्यांच्यात कुणाचं कुणावर मन जाणार नाही असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून यावं.

अमेरिकेच्या सैन्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. अधिकारी आणि शिपाई यांच्यात प्रेमसंबंध चालत नाहीत. १९९९ साली त्यांनी सगळ्या दलांना एकच रेघ लावली, कारण त्याआधी एका दलात जे चालायचं ते दुसऱ्यात चालत नव्हतं. पण एकाच पायरीवरच्या दोघांनी, एकाच्या हाताखाली दुसरा नसेल तर, प्रेम करावं, लग्न करावं, त्याला आडकाठी नाही. मी काही अमेरिकेची भक्त नाही, त्यांच्या फौजेतल्या मुलींच्या तक्रारी आपणही वाचतो. पण रेघ कुठे आहे ते तिथल्या शिपायाला ठाऊक असतं. आपल्या पोरांना "शोभेल असं वागा" एवढंच ठाऊक आहे.

आणि रेघ दिसत नसली की काय होतं? लपवाछपवी. नात म्हणाली, त्यांच्यात कुणाचं जमलंय हे मैत्रिणीलाही सांगत नाहीत. मी विचारलं, उद्या एखाद्या सीनियरनं त्रास दिला तर तक्रार करशील काय? ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "करायला पाहिजे. पण मग माझं ते पण निघेल ना बाहेर." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिनं काहीच गैर केलेलं नाही. तरी दोघं एकमेकांना आवडतात एवढ्यावर कुणीही तिचं तोंड बंद करू शकतो. नियम मोघम ठेवून शिस्त राखली जाते असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा. ज्याला दुसऱ्याला दाबायचं आहे त्याला मोघम नियमासारखी सोय नाही.

गोऱ्या साहेबाच्या काळाचं थोडं सांगते, कारण आपल्या कॅन्टोन्मेंटच्या सवयी तिथूनच आल्यात. त्यांच्यात एक म्हण होती. लेफ्टनंटनं लग्न करू नये, कॅप्टननं केलं तर चालेल, मेजरनं करावं, आणि कर्नलनं केलंच पाहिजे! गोऱ्या शिपायांत तर मोजक्यांनाच बायको ठेवायची परवानगी. तिचं नाव पलटणीच्या पटावर लागलं तर तिला राहायला जागा आणि शिधा, नाही लागलं तर ती जणू नाहीच. आणि बाकीच्या शिपायांसाठी सरकारनं काय केलं? १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानं छावणीतल्या वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू केली. म्हणजे लग्न केलं तर शिस्त बिघडते, बाजारात गेलं तर बिघडत नाही. नियम किती थोर असतात ते बघा.

आता आत्याचं.

माझी धाकटी आत्या, आप्पांची सगळ्यात लहान बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लष्करी नर्स होती. आमच्या घरातली पहिली कमावती बाई. सुटीवर आली की छातीवर उलटं लावलेलं घड्याळ आम्ही पोरी ओळीनं हातात घेऊन बघायचो. तिचं लग्न का झालं नाही, असं कुणी विचारलं की घरात एकच उत्तर असायचं. "नियम आहे. लग्न केलं की नोकरी जाते." आप्पा म्हणायचे, आजी म्हणायची, शेजारणीसुद्धा म्हणायच्या.

नियम खरंच होता. १९७७ ची एक लष्करी सूचना होती, नर्सिंग सेवेत कायम कमिशन मिळालेल्या बाईनं लग्न केलं तर तिला सेवेतून काढता येत असे. लग्न हे कारण! फौजेतल्या पुरुषानं लग्न केलं तर त्याला पेढे, आणि नर्सनं केलं तर घरचा रस्ता. ती सूचना १९९५ मध्ये मागं घेतली. तेव्हा आत्या ४५ वर्षांची होती.

यावरचा एक खटला तुम्ही पेपरात वाचला असेल. लेफ्टनंट सेलिना जॉन यांचा. त्यांनी लष्करातल्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये त्यांना सेवेतून काढलं. तो अधिकारी नोकरीत राहिला असणार, त्याला कोण काढतो. त्या लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा नियम उघड उघड मनमानी होता, बाईनं लग्न केलं म्हणून तिला काढणं हा ढळढळीत भेदभाव आहे, आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मी ती बातमी वाचली तेव्हा आत्या जाऊन तीन वर्षं झाली होती. पेपर घडी घालून ठेवला आणि बराच वेळ अंगणात बसले.

कारण मला जे आठवत होतं ते कोर्टात कधीच येणार नव्हतं. आमच्या घराचा वरचा मजला १९८४ साली चढला तो आत्याच्या पगारावर. माझ्या बीएडची फी तिनं भरली. भावाचा पहिला धंदा बुडाला तेव्हा पैसे तिनेच पाठवले. तिनं लग्न केलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली असती तर हे सगळं गेलं असतं. आमच्या घराला तो नियम गैरसोयीचा नव्हता. फार सोयीचा होता. कुणी तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, सोडतेस काय नोकरी, आम्ही बघून घेऊ. आणि १९९५ ला नियम गेला तेव्हा घरात ती गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. तिला कळलं असणारच, पण ती काही बोलली नाही.

म्हणून भावानं चहाचा कप ठेवून "नियम आहे" म्हटलं, तेव्हा मला झोप लागली नाही. तो बोलत होता त्याच वरच्या मजल्यावर बसून.

आता चार वर्षांच्या अटीबद्दल माझं मत विचाराल तर ते दोन्हीकडचं आहे, आणि मी ते तसंच सांगते. अठरा वर्षांच्या पोरीनं बावीसपर्यंत लग्न करू नये, यात मला काही वाईट दिसत नाही. उलट आपल्या समाजातल्या कितीतरी मुलींना अशी सरकारी ढाल मिळाली असती तर बरं झालं असतं. अट मुलांनाही तीच आहे, आधी सांगून घातलेली आहे, मुदतीची आहे. आत्याच्या वेळचा नियम आयुष्यभराचा होता आणि फक्त बायकांना होता. दोन्ही एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. पण पोटात मूल राहणार नाही असं फक्त मुलीकडून लिहून घेणं, हे मला १९७७ चीच आठवण करून देतं. मूल काय एकटीला होतं? आणि लग्न केलं म्हणून थेट नोकरीच घालवणं, हेही जड होतं. क्वार्टर देऊ नका, भत्ता देऊ नका, कायम घेताना मागं ठेवा. पूर्वी तरुण अधिकाऱ्यांनी पंचविशीच्या आत लग्न केलं तर विवाहितांचा क्वार्टर मिळत नसे, पण नोकरी जात नसे. तोच मार्ग जवानाला का नाही?

आणखी एक लिहिते, काहींना आवडणार नाही. २०१८ साली ३७७ कलमाचा तो भाग कोर्टानं काढला. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी, जनरल रावतांनी, सांगितलं की सैन्यात हे चालू देणार नाही. इंग्लंडच्या सैन्यातली बंदी २००० सालीच उठली, आणि त्यांची फौज काही मोडून पडली नाही. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. पण मघाची काकांची कसोटीच लावून बघा. कुणाच्या हाताखाली कोण आहे, एवढंच विचारा. दोघं कोण आहेत ते विचारू नका. मग उत्तर आपोआप येतं.

माझं म्हणणं फार नाही. हाताखालच्या माणसाशी प्रेमसंबंध नको, हे साध्या हिंदीत, मराठीत, कानडीत, सगळ्या भाषांत एका पानावर लिहा. दोघं एकाच पायरीवर असतील आणि एकाचा दुसऱ्यावर हुकूम नसेल तर ते वरिष्ठांना सांगू शकतात, सांगितलं म्हणून शिक्षा नाही, हवं तर वेगळ्या सेक्शनला टाका, हेही लिहा. ते पान भरतीच्या दिवशी पोराच्या हातात द्या आणि एक प्रत आईबापाच्या हातात. आईबापाच्या हातात मुद्दाम म्हणतेय. कारण आम्हाला पण कळू दे, नियम कुठे संपतो आणि आमचा हट्ट कुठे सुरू होतो.

फौज विचारते, तुझा हुद्दा काय, त्याचा हुद्दा काय. आम्ही विचारतो, जात काय, भाषा काय, गाव कुठलं. नातीच्या बाबतीत फौजेच्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. दोघं एकाच पायरीवर, वेगवेगळ्या सेक्शनला, चार वर्षं थांबायला कबूल. फौजेचं काही म्हणणंच उरत नव्हतं. म्हणणं होतं ते आमचं, आणि ते आम्ही फौजेच्या तोंडी घालून मोकळे झालो.

हे मी भावाला सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, वर त्याच्या खोलीत जाऊन. आत्याचं नावही घेतलं. तो चिडला. म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला, लाठ्या मी खाल्ल्यात." ते खरंच आहे. त्याच्या पाठीवरचे वळ मी बघितलेत, मी त्याला हळद लावलीय. सीमेचं दुःख मला कळत नाही असं नाही. मी एवढंच म्हटलं, की तुला मुलगा नको असेल तर नको म्हण. तुझं तोंड आहे, तुझं कारण आहे. हवाई दलाला मध्ये कशाला घेतोस?

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नातीनं मात्र जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "मी सही केलीय, मी पाळीन. २०२७ पर्यंत कुणी माझ्याकडे लग्नाचा विषय काढू नका. पण त्यानंतर मला कुठला नियम सांगणार, ते आत्ताच ठरवून ठेवा." आणि भाताला आमटी घेतली. तिच्या बापानं मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

रजा संपली. रात्रीच्या राणी चन्नम्मानं बंगळूरला आणि तिथून पुढं. स्टेशनवर भाऊ स्वतः आला, तिची काळी ट्रंक हमालाला हात लावू दिली नाही. गाडी लागली, सामान चढलं, ती खिडकीशी बसली. मी चकलीचा डबा आत दिला. भाऊ जरा वेळ गजाला धरून उभा राहिला. मग इकडं तिकडं बघून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून, तिला विचारलं, "त्याला मराठी येतंय काय थोडं तरी?"

ती म्हणाली, "तुम्हाला कानडी येतंय की, आजोबा."